हौशी दर्यावर्दींची बेटफेरी : आयल ऑफ वाइटची शर्यत



सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. स्पर्धा परीक्षांच्या गणितात नाव आणि प्रवाहाची उदाहरणं असतात. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी इतका, प्रवाहाचा वेग ताशी तितका, तर जायला किती वेळ आणि यायला किती? मुलं सूत्र पाठ करतात, बेरीज-वजाबाकी करतात, उत्तर येतं. पण ही नाव कोण चालवतं आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही. आजच्या लेखात आपण अशा एका ठिकाणी जाऊ या, जिथे वर्षातून एका दिवशी हजारभर नावा हेच गणित प्रत्यक्ष पाण्यावर सोडवतात. त्या नावांवर बहुतेक तुमच्या-आमच्यासारखी माणसं असतात. कुणी नोकरी करणारं, कुणी दुकान चालवणारं, कुणी निवृत्त. समुद्र हा त्यांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद.

आधी नकाशा उघडा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला अगदी लागून एक बेट दिसेल, आयल ऑफ वाइट. क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. आकार कसा, तर दिवाळीच्या शंकरपाळीसारखा. चार कोपरे चार दिशांना. उत्तरेच्या कोपऱ्यावर काउझ हे गाव, पश्चिमेच्या टोकाला नीडल्स नावाचे खडक, दक्षिणेला सेंट कॅथरिन्सचं टोक आणि पूर्वेला बेंब्रिज. बेट आणि इंग्लंडची मुख्य भूमी यांच्यामध्ये पाण्याची जी चिंचोळी पट्टी आहे तिला सोलंट म्हणतात. ही पाच नावं लक्षात ठेवा, कारण आपल्याला याच क्रमाने बेटाला वळसा घालायचा आहे. काउझहून निघायचं, पश्चिमेला जायचं, बेट डाव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी मारायची आणि पुन्हा काउझला यायचं.

अंतर ५० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा हे झाले साधारण ९२.६ किलोमीटर. ताशी एक सागरी मैल वेगाला एक नॉट म्हणतात. (नॉट म्हणजे गाठ. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. शब्द तिथून आला.)

आपल्याकडे देवळाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. इथे नेमकं उलटं. पण याच बेटाभोवतीची जगातली सर्वांत गाजलेली शर्यत मात्र प्रदक्षिणेच्याच दिशेने झाली होती. २२ ऑगस्ट १८५१ रोजी 'अमेरिका' नावाची अमेरिकन नौका काउझहून पूर्वेकडे निघाली आणि ब्रिटिशांच्या उत्तमोत्तम नौकांना मागे टाकून पहिली आली. तिला मिळालेल्या चषकाला पुढे त्या नौकेवरूनच 'अमेरिकाज कप' हे नाव पडलं. ती सगळी श्रीमंतांची जहाजं होती. पगारी खलाशी, मोठमोठी शिडं. लहान होडीवाल्याने लांबून बघायचं, एवढंच.

आपली शर्यत त्यानंतर ८० वर्षांनी सुरू झाली.

लहान नावांसाठीची शर्यत

मेजर सिरिल विंडलर हे काउझच्या आयलंड सेलिंग क्लबचे सभासद. लहान नावांनाही भाग घेता येईल अशी बेटफेरीची शर्यत असावी ही कल्पना त्यांची. १९३१ साली पहिली शर्यत झाली. नावा आल्या २५. आणि जिंकली कोण? पीटर ब्रेट यांची 'मेरी कन्सीट'. ही २२ फुटांची, कॉर्नवॉलकडच्या कोळ्यांच्या पद्धतीची मासेमारीची होडी होती! २२ फूट म्हणजे आपल्या शाळेच्या एका वर्गखोलीच्या लांबीएवढी. तेव्हापासून सुवर्ण रोमन वाडगा हे या शर्यतीचं मानाचं बक्षीस आहे.

पुढे ही संख्या वाढत गेली. काही वर्षी दीड हजारांहून जास्त नावा आल्या. एडवर्ड हीथ हे ब्रिटनचे पंतप्रधान असताना त्यांनीही 'मॉर्निंग क्लाउड' नावाच्या आपल्या नौकेवरून ही शर्यत जिंकली होती. आज या शर्यतीत एकीकडे अडीच तासांच्या आत सगळं बेट फिरून येणाऱ्या तीन सांगाड्यांच्या अतिवेगवान नौका असतात, तर दुसरीकडे पहाटे निघून रात्री पोचणारी एखाद्या कुटुंबाची जुनी होडी असते. दोघी एकाच शर्यतीत, एकाच पाण्यावर.

इथे वर्गातली मुलं हमखास विचारतात, "सर, मग लहान होडीचा काय उपयोग? मोठीच जिंकणार ना?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर गुणाकारात आहे.

प्रत्येक नावेची लांबी, वजन, शिडांचा आकार वगैरे मोजून तिला एक गुणक देतात. दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत. वेगवान नावेचा गुणक मोठा, हळू नावेचा लहान. नावेला प्रत्यक्ष लागलेला वेळ गुणिले तिचा गुणक, हा झाला तिचा सुधारित वेळ. ज्याचा सुधारित वेळ कमी, तो जिंकला. समजा मोठ्या नावेचा गुणक १.२०० आहे आणि ती ८ तासांत आली. ८ × १.२ = ९.६ तास, म्हणजे ९ तास ३६ मिनिटं. लहान होडीचा गुणक ०.९०० आहे, तिला १० तास लागले. १० × ०.९ = ९ तास. मोठी नाव दोन तास आधी येऊन, बांधून, तिची माणसं जेवायला बसली तरी शर्यत जिंकली लहान होडीने. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण पद्धत हीच. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. ९.६ तास म्हणजे ९ तास ६० मिनिटं नव्हे की ९ तास ६ मिनिटंही नव्हे, हेही त्यातच शिकवून होतं.

पहाटेची सुरुवात

आता तुम्ही त्या हौशी माणसांपैकी एक आहात असं समजा. जून-जुलैमधला शनिवार. आदल्या रात्री काउझचं छोटं बंदर नावांनी इतकं गच्च भरतं की धक्क्याला एक नाव, तिला बांधून दुसरी, तिला बांधून तिसरी अशा रांगा लागतात. तुमची नाव पाचवी असेल तर जमिनीवर जायला चार परक्या नावांचे डेक ओलांडावे लागतात. पायातले बूट हातात घेऊन, आतली माणसं जागी होणार नाहीत अशा बेताने. झोप कुणालाच नीट लागत नाही. पहाटे तीन-चारला कुठेतरी स्टोव्ह पेटल्याचा आवाज येतो, चहाचा वास येतो आणि मग सगळं बंदर उठतं.

इतक्या पहाटे का? शर्यत आरामात दहा वाजता सुरू केली तर काय बिघडेल?

बिघडेल. कारण ही वेळ घड्याळ बघून ठरत नाही, ओहोटी बघून ठरते. सोलंटमधलं पाणी सुमारे सहा तास पश्चिमेकडे वाहतं आणि मग उलटून पूर्वेकडे वाहू लागतं. काउझहून आधी पश्चिमेला जायचंय, म्हणजे पाणी पश्चिमेकडे वाहत असतानाच निघायला हवं. म्हणून दरवर्षी सुटण्याची वेळ वेगळी. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. होडी कधी काढायची हे भरतीवर ठरतं, आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं, अष्टमीचा भांग वेगळा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आता आपलं नाव-प्रवाहाचं गणित घ्या. तुमच्या नावेचा वेग ५ नॉट. प्रवाह ३ नॉट. प्रवाहाबरोबर तुम्ही ८ नॉटने जाता, प्रवाहाविरुद्ध फक्त २ ने. समजा १२ मैल जायचंय. प्रवाह सोबत असेल तर दीड तास, विरुद्ध असेल तर ६ तास. तीच नाव, तीच माणसं, तेवढाच वारा. नुसता उशीर झाला म्हणून दीड तासाचे सहा तास होतात! शिवाय नीडल्सच्या अलीकडे हर्स्टचा किल्ला आहे, तिथे खाडीचं तोंड आणखी अरुंद होतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं ना, तसा तिथला प्रवाह ४ नॉट आणि त्याहून जास्त होतो. ओहोटी उलटायच्या आत या दारातून बाहेर पडलात तर ठीक. नाहीतर दार तुमच्या तोंडावर बंद झालंच म्हणून समजा.

सुटण्याची रेषा 'रॉयल यॉट स्क्वॉड्रन' या जुन्या क्लबच्या इमारतीसमोर असते. तिथे छोट्या पितळी तोफांची ओळ आहे. तोफ उडते आणि एक गट सुटतो, थोड्या मिनिटांनी पुढची तोफ, पुढचा गट. पाण्यावर रेघ नसते, ती डोळ्यांनी आखायची. शिडाच्या नावेला ब्रेकही नसतो. वारा आणि प्रवाह दोन्ही तुम्हाला रेषेकडे ढकलत असतात आणि तोफेआधी रेषा ओलांडली तर परत फिरून यावं लागतं. आजूबाजूला पन्नास-साठ नावा हात लावता येईल इतक्या जवळ. पहिल्यांदा भाग घेणारे पुढे कितीही वादळं बघोत, या पाच मिनिटांतली छातीतली धडधड त्यांच्या चांगली लक्षात राहते.

नागमोडी वाट आणि एक आरोळी

या भागात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. म्हणजे सुरुवातीचा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची नाव सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. ती वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन करून जाते. थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे, असं नागमोडी. घाटातला रस्ता सरळ वर चढत नाही, वळणं घेत चढतो, तसंच हे. प्रत्येक वळणाला शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. त्याच्या खालचं आडवं दांडकं जोरात फिरतं, तेव्हा डोकी खाली घालायची. नाव ज्या बाजूला कलते त्याच्या विरुद्ध काठावर माणसांनी रांगेत, पाय बाहेर सोडून बसायचं. माणसांचं वजन हेही इथे नाव सरळ ठेवायचं साधन आहे. दहा मिनिटांनी वळण आलं की सगळ्यांनी सरपटत दुसऱ्या काठाला. असं तीन तास. गुडघे काळेनिळे होतात, कपड्यांतून खारं पाणी आत जातं आणि पोटात काल रात्रीचं जेवण ढवळू लागतं. उलटी होणं यात कुणी लाज मानत नाही. फक्त वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करायची नाही, एवढा शहाणपणा लागतो.

वारा एका दिशेने आणि प्रवाह त्याच्या विरुद्ध दिशेने असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. इथे नेमकं तेच होतं. नाव लाटेवरून उतरते ती धपकन आपटते.

आता विचार करा, शेकडो नावा अशा नागमोडी चालल्यात, एकमेकींना आडव्या. चौकात पोलीस नाही, सिग्नल नाही. मग टक्कर कशी टळते? नियम एका वाक्याचा आहे. ज्या नावेला वारा उजव्या बाजूने लागतोय तिचा हक्क पहिला, डाव्या बाजूने लागतोय तिने वाट सोडायची. उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. हक्क असलेली नाव जवळ आली की तिच्यावरचा माणूस ओरडतो, "स्टारबोर्ड!" बस. समोरचा पंतप्रधान असला तरी त्याने वळायचं.

आणि तो नाही वळला तर? मला या खेळातली सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे. पाण्यावर हजार नावांमागे फिरणारे पंच नसतात. आपल्या हातून नियम मोडला असं वाटलं तर नावेने स्वतःहून बाजूला व्हायचं आणि जागच्या जागी दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. ही शिक्षा स्वतःच घ्यायची. दोन गिरक्यांत दहा-बारा नावा पुढे निघून जातात, तरी घ्यायच्या. कुणी बघितलं नसलं तरी. (दुसऱ्याला तक्रार करता येते, ती नंतर किनाऱ्यावर ऐकली जाते. पण आधी अपेक्षा ही, की तुम्हीच सांगाल.) कबड्डीच्या मैदानावर आपली मुलं स्पर्श झाल्याचं स्वतःहून सांगतात का, हे जरा आठवून बघा.

नीडल्स : पन्नास मीटरचा मोह

नीडल्स म्हणजे सुया. खडूसारख्या पांढऱ्या दगडाचे तीन उंच सुळके समुद्रात ओळीने उभे आहेत आणि शेवटच्या सुळक्याच्या पायाशी दीपस्तंभ आहे, १८५९ सालचा. गंमत अशी की यातला एकही सुळका सुईसारखा दिसत नाही. सुईसारखा एक होता, तो १७६४ च्या वादळात कोसळला. सुई गेली, नाव राहिलं.

या दीपस्तंभाला वळसा घालून नावा इंग्लिश खाडीच्या मोकळ्या समुद्रात शिरतात. शर्यतीचा खरा कस इथे लागतो. जितकं जवळून वळाल तितकं अंतर वाचेल. पण पाण्याखाली काय आहे? जानेवारी १९४७ मध्ये 'वार्वासी' नावाची ग्रीक आगबोट इथे खडकावर चढून फुटली. तिचे लोखंडी अवशेष अजून तिथेच आहेत, दीपस्तंभाच्या थोडे पश्चिमेला. पाणी ओसरलं की ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात, पण वरून दिसत नाहीत. आणि आठवा, शर्यत ओहोटीवरच धावतेय. पाणी उतरतंच आहे.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे दीपस्तंभ आणि बुडालेली बोट यांच्या मधल्या अरुंद पाण्यातून जायचं. नेमकी जागा माहीत असेल तर जाता येतं, आणि कित्येक जण जातात. दुसरी म्हणजे लांबून, सगळ्याला वळसा घालून जायचं. त्यात पाच-दहा मिनिटं जातात. आजवर या लोखंडावर आपटून किती तरी नावांचे तळ फुटले आहेत. त्यातले बरेच जण असे, की त्यांना वाट माहीत नव्हती पण पुढची नाव गेली म्हणून तिच्या मागे गेले. पुढच्या नावेचा तळ पाण्यात किती खोल आहे, हे मागच्याला कुठे माहीत असतं? तिचा दीड मीटर, यांचा दोन मीटर. अर्ध्या मीटरचा तर प्रश्न.

अशा वेळी मदतीला येतात ते 'आरएनएलआय'चे जीवरक्षक. ही संस्था १८२४ पासून ब्रिटनच्या किनाऱ्यांवर काम करते. लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवरची बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात, म्हणजे तीही एका अर्थी हौशीच. बेटावर यार्मथ, काउझ आणि बेंब्रिज इथे तिची ठाणी आहेत. शिवाय शर्यतीच्या नियमांत पहिलाच नियम हा आहे की कुणी संकटात असेल तर प्रत्येक नावेने शक्य ती सगळी मदत करायची. शर्यत बाजूला. मदत करण्यात गेलेला वेळ नंतर मागितला तर हिशेबात भरून मिळतो.

बेटाच्या पाठीमागे

नीडल्सनंतर वारा पाठीशी किंवा बाजूला येतो. इथे अनेक नावा पुढे एक मोठं, पोटासारखं फुगणारं रंगीबेरंगी शीड चढवतात. त्याला स्पिनेकर म्हणतात. पांढरे कडे, निळं पाणी आणि शेकडो रंगीत शिडं, हा देखावा बघायला बेटावरचे लोक टेकड्यांवर गर्दी करतात. नावेवरच्या माणसाला मात्र तो देखावा बघायला फुरसत नसते. हे शीड म्हणजे अडमुठ्या बैलासारखं. जरा वारा वाढला, सुकाणूवरचा हात जरा चुकला की नाव गर्रकन फिरते आणि एका कुशीवर पडते. शीड पाण्यात, काठ पाण्यात, माणसं दोरीला लटकलेली. अशा नावांच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं, त्यामुळे तळाला वजन असलेली डोलणारी बाहुली जशी परत उभी राहते तशी नाव हळूहळू उभी राहते. सगळ्यात आधी नावेचा प्रमुख, आपल्याकडे ज्याला तांडेल म्हणतात तो, माणसं मोजतो. सहा होती, सहा आहेत. मग बाकीचं.

सेंट कॅथरिन्सच्या टोकापाशी समुद्राचा तळ खडबडीत आहे आणि टोक बाहेर आलेलं, त्यामुळे प्रवाह तिथे उकळल्यासारखा दिसतो. वारा जोराचा असला की बरेच हौशी लोक इथपर्यंत येण्याआधीच, नीडल्सलाच, परत फिरतात. जोरदार वाऱ्याच्या वर्षी असे परत फिरलेले शेकड्यांनी असतात.

या परत फिरण्याबद्दल थोडं थांबून सांगतो. नौकाशर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट लिहिलंय की शर्यतीत उतरायचं का आणि उतरल्यावर पुढे जायचं का, हा निर्णय आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे त्या नावेची. आयोजकांची नाही. आयोजक शर्यत रद्द करत नाहीत तोवर ठीकच असणार, असं म्हणता येत नाही. हा नियम कोरडा वाटतो, पण त्याच्या मागे माणसं गेलेली आहेत. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये हीथ यांचीच 'मॉर्निंग क्लाउड' नौका शर्यतीत नव्हे, नुसती काउझकडे आणली जात असताना वादळात बुडाली. दोन जण गेले, त्यात हीथ यांचा मानलेला मुलगा होता. १९७९ मध्ये काउझहूनच निघणाऱ्या, आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत वादळ आलं आणि १५ स्पर्धक मरण पावले. हौशी तांडेलाच्या नावेवर कोण असतं? त्याची बायको, मुलगी, ऑफिसातला मित्र, शेजाऱ्याचा कॉलेजात जाणारा पोरगा. वर्षभर पैसे साठवून, नाव रंगवून, सराव करून आलेल्या माणसाने फक्त चौथा हिस्सा झाल्यावर सुकाणू फिरवायचं, आणि तेही शेजारून दुसऱ्या नावा पुढे जात असताना. हे सोपं नाही.

फिरल्यावर एक काम मात्र विसरायचं नाही. आम्ही शर्यत सोडली असं शर्यतीच्या कार्यालयाला कळवायचं. नाहीतर तुम्ही घरी गरम पाण्याने आंघोळ करत असता आणि जीवरक्षक रात्री समुद्रात तुम्हाला शोधत फिरतात.

वारा पडला तर

जोराच्या वाऱ्याचं सगळे सांगतात. पण या शर्यतीत भाग घेतलेल्यांना विचाराल तर बिनवाऱ्याचा दिवस जास्त छळतो म्हणतील. बेंब्रिजचा कोपरा वळलात, दुपार टळली, काउझ आता दहा-बारा मैलांवर. आणि वारा पडला. शिडं वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबतायत.

इथे पुन्हा गणित येतं. नाव पाण्यातून दीड नॉटने पुढे जातेय. पाणी दोन नॉटने उलटं वाहतंय. बाजूने बुडबुडे मागे जाताना दिसतात, म्हणून वाटतं आपण चाललोय. पण किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्यामागचं घर यांच्याकडे नजर लावून बघा, तुम्ही चक्क मागे चाललेले असता! अशा वेळी जाणती माणसं काय करतात? नांगर टाकतात. शर्यत चालू असताना! शांतपणे नांगर टाकून बसायचं, पाव-चीज खायचं आणि बाजूच्या नावांना, शिडं ताणून, सगळी धडपड करत, उलट्या दिशेने जाताना बघायचं. नियमात हे बसतं.

दुसरी युक्ती किनाऱ्याची. उथळ पाण्यात तळाच्या घर्षणामुळे प्रवाह मंद असतो. ओढ्यात बघा, मधे पाणी धावतं, काठाला रेंगाळतं. म्हणून राइड गावासमोर नावा किनाऱ्याला चिकटून चालतात. पण तिथे राइडची वाळू आहे, लांबवर पसरलेली. किनाऱ्याच्या जितकं जवळ तितका प्रवाह कमी, आणि जरा जास्त जवळ गेलात की नाव वाळूत रुतली. दरवर्षी काही नावा तिथे तिरक्या होऊन, भरतीची वाट बघत बसलेल्या दिसतात.

तिसरी वाट सगळ्यांत सोपी. या नावांना छोटं इंजिन असतं. किल्ली फिरवली की दोन तासांत काउझ. पण इंजिनने नाव पुढे नेली की तुमची शर्यत संपली. कुणी बघत नसतं. मुलं कंटाळलेली असतात, उद्या घरी परतायचं असतं, पोचायची मुदत जवळ येतेय. काही जण किल्ली फिरवतात आणि कार्यालयाला तसं कळवतात. काही जण बसून राहतात, आणि मग अंधार पडता पडता पाण्यावर बारीक सुरकुती दिसते, शीड एकदा फडफडतं, भरतं, आणि नांगराची दोरी भराभर वर ओढली जाते. काउझचे दिवे दिसू लागतात. रेषा ओलांडताना घड्याळात बघून आपली वेळ आपणच लिहून ठेवायची असते. त्यापुढे तो गुणक, आणि मग यादीत आठशेवा किंवा नऊशेवा क्रमांक.

मुलांसाठी दोन उदाहरणं

१) एका नावेचा गुणक ०.८५० आहे, ती १२ तासांत आली. दुसरीचा १.१०० आहे, ती ९ तास १५ मिनिटांत आली. कोण जिंकलं, आणि किती मिनिटांनी? (आधी ९ तास १५ मिनिटांची मिनिटं करून घ्या.)

२) वारा मंद आहे. नावेचा पाण्यातला वेग २ नॉट, समोरून येणारा प्रवाह ३ नॉट. प्रवाह उलटायला अजून २ तास आहेत. नांगर टाकला नाही तर नाव दोन तासांनी कुठे असेल? नांगर टाकला तर कुठे असेल? आणि प्रवाह उलटल्यावर, तो ३ नॉटच राहिला असं धरून, नांगर टाकणारी नाव ६ मैलांवरच्या रेषेपर्यंत किती वेळात पोचेल?